दहा चिरे, नऊ सांधे

खोली तेरा फुटांची हवी, मी म्हटलं.
गुणाजी मेस्तने कानावरची विडी काढली,
बघितली, परत कानावर ठेवली.
मग अंगणात चिरा मांडला, त्याला लागून दुसरा,
असे दहा.
मध्ये करंगळी मावेल एवढी फट.
"बारा फूट झाले. तेरावो होयो तर चिरो फोडूचो लागतलो.
उरलेलो अर्धो खंय ठेवतलंस, बाये?"

कुठेही, मी म्हटलं.

"खंयय नावाचो गाव माका म्हायत नाय."

अशी खोली बारा फुटांची झाली.
तेरा फुटांच्या हिशेबाने केलेलं कपाट
आता दाराआड तिरकं उभं असतं,
रुसलेल्या पाहुण्यासारखं.
खिडकीही त्यानेच सरकवली, वीतभर समुद्राकडे,
कारण चिरा तिथे संपत होता.
मला वाटलं होतं घर माणसाच्या मापाचं असतं.

कणकवलीच्या इंजिनियरने कागदावर
सिमेंटच्या साठ गोणी लिहिल्या होत्या.
माझ्या वहीत त्रेचाळीस आहेत,
आणि त्रेचाळीस रिकाम्या पिशव्याही,
झटकून, धुऊन, घडी घालून.
त्याच ओल्या करून दारावरच्या तुळईला गुंडाळल्या
एकवीस दिवस.
विहीर तेव्हा एवढी खाली गेलेली
की कळशीला दोर पुरेना,
शेजारच्या माणगावकरांची म्हैस नि माझी तुळई
एकाच पोहऱ्यावर जगली.

खाडीची रेती आली तेव्हा
मी चिमूटभर जिभेवर ठेवली.
खारट.
धुवायची तर पाणी नाही,
न धुवावी तर आतली सळी दहा वर्षांत फुगणार.
गुणाजीने ती रेती जोत्याच्या भरावात लोटली
आणि स्लॅबचा नाद सोडायला लावला.
"सळी कमी, गंज कमी. दर्यो काय उपाशी रवना नाय."

मग कौलं. तांबळडेगला कुणाचा तरी मांगर पडला होता,
तिथून टेम्पो भरून आणली.
दुपारभर आम्ही दोघं एकेक कौल उचलून
बोटाच्या पेरानं वाजवत बसलो.
खणकन बोललं ते छपराला,
बद्द वाजलं ते परसातल्या वाफ्याला.
माझा हात शिकला, कान शिकायला संध्याकाळ झाली.
मोजली तर सहाशे बारा. पुरली. सात उरली.

शेवटी चौदा चिरे कमी पडले.
ट्रकबरोबर मीही खाणीवर गेले.

खाण म्हणजे काय, तर
सरळ कापलेल्या भिंती, खोल,
त्यांवर यंत्राच्या दातांच्या रेघा,
तळाला गेल्या वर्षीचं हिरवं पाणी
आणि पाण्यात एक फुटकी चप्पल.
तळापर्यंत पायऱ्या होत्या. कोनाडे होते.
एका कोपऱ्यात तर अगदी खोलीएवढी जागा,
फक्त छप्पर नव्हतं, आणि कुणी राहत नव्हतं.
मी काठाने पावलं टाकत गेले.
दहा, अकरा, बारा.
तेराव्यासाठी पाय उचलला
आणि खाली बघून परत घेतला.

"ह्याचं पुढे काय होतं?" मी मुकादमाला विचारलं.
रमजान सोलकर हिशेबाच्या चिठ्ठ्या लावत होता.
"काय होणार? खड्डा आहे. खड्डाच राहणार."
चौदा चिऱ्यांचे पैसे मी मोजून दिले.
खड्ड्याचे कुणी मागितले नाहीत.

येताना घाटीत एक चिरा दुभंगला.
एवढं मापून, एवढं जपून
शेवटी अर्धा उरलाच.
मी तो टाकायला सांगणार होते,
पण कुठे, हे मला येईना.

तो दारापाशी आहे.
शेवटच्या दिवशी मजुरी घेऊन गुणाजी त्याच्यावर टेकला,
कानावरची विडी काढली, (तीच ती असावी,
असं मला आपलं वाटतं)
पेटवली, अर्धी ओढली,
चिऱ्याच्या कडेला दाबून विझवली
आणि परत कानावर ठेवली.